साडेअठरा हजार आणि मामांच्या डब्यातला गॉगल

पत्र : काका, नमस्कार. वय ३१, अमळनेरजवळ कृषी सेवा केंद्र चालवतो. कॉलेजात असल्यापासून एकच हौस आहे, खराखुरा जुना रेबॅनचा गॉगल आपल्याकडे असावा. आता इन्स्टाग्रामवर एकाने फोटो पाठवलेत. सोनेरी फ्रेम, हिरवी काच, एका काचेच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नाव. नाकावरच्या ब्रिजवर, म्हणजे दोन काचा जोडणाऱ्या दांडीवर, 'बी अँड एल'. काडीच्या आत आरबीने सुरू होणारा नंबर आणि सीईचा शिक्का. 'यूव्ही ४००' चं स्टिकरसुद्धा काचेवर तसंच आहे. म्हणतो, १९६९ चा अमेरिकन पीस आहे, एकदाही न वापरलेला, फ्रेमवर सोनं आहे. १८,५०० सांगतो. निम्मे पैसे रविवारपर्यंत टाका, दोन गिऱ्हाइकं थांबलीत म्हणतो. घेऊ का? तसा भुसावळला मामांकडे आजोबांचा एक जुना गॉगल बिस्किटाच्या डब्यात पडलाय. आजोबा रेल्वेत ड्रायव्हर होते. पण त्याची एक काडी निखळलेली आहे, नाकापाशी हिरवं झालंय, तो काही कामाचा नाही. रेबॅन नाही जमला तर दिओर किंवा पर्सोल बघू का? – एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर :

भाऊ, रविवारपर्यंत एक रुपयाही टाकू नका. ती थांबलेली दोन गिऱ्हाइकं म्हणजे खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याचं 'उद्या कापसाचा भाव पडणार'. तुम्ही गिऱ्हाइकाच्या काउंटरमागे बसणारे, तुम्हाला हे मी काय सांगावं.

आता कारण. विकणारा म्हणतो ते क्षणभर सगळं खरं धरू आणि त्या गॉगलचं वय काढू. 'बी अँड एल' म्हणजे बॉश अँड लॉम्ब, अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरची कंपनी. वैमानिकांसाठीचा हा 'एव्हिएटर' गॉगल १९३७ मध्ये तिनेच रेबॅन नावाने विकायला काढला आणि १९९९ मध्ये रेबॅनचा सगळा धंदा इटलीच्या लक्सॉटिकाला विकून टाकला. म्हणजे ब्रिजवर बी अँड एल असेल तर माल १९९९ नंतरचा असायला नको. काडीवर आरबीने सुरू होणारा नंबर ही लक्सॉटिकाच्या काळातली पद्धत, म्हणजे माल १९९९ च्या आधीचा असायला नको. सीईचा शिक्का युरोपच्या नियमांमुळे आला, तो नव्वदच्या दशकात. काचेच्या कोपऱ्यातलं पांढरं नाव ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं, त्याआधीच्या काचा कोऱ्या असायच्या. आणि माणूस सांगतोय १९६९.

एका गॉगलची इतकी जन्मसालं! सोयरिकीच्या बैठकीत आई मुलाचं वय एक सांगते, मामा दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच निघतं, तेव्हा आपण चहा घेतो आणि 'कळवतो' म्हणून निघतो. तसं निघा. स्टिकरचं तर बोलायलाच नको. छापखाना धुळ्यातही आहे.

माझं आग्रा रोडवर चष्म्याचं दुकान आहे, तीस वर्षं काचा घासतोय. या काळात एक गोष्ट पक्की कळली. नाव कोणीही छापतं, खोका कोणीही शिवतो, पण फ्रेमवरच्या सगळ्या खुणा एकाच काळाच्या ठेवायच्या तर अभ्यास लागतो आणि नकली माल बनवणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. म्हणून जुना गॉगल हातात आला की मी नाव शेवटी वाचतो. आधी बघतो की खुणा एकमेकींना ओळखतात का.

सारंगखेड्याच्या यात्रेत दलाल घोड्याच्या रंगाचं, चालीचं, शेपटीचं कौतुक करत असतो आणि जाणता माणूस मुकाट्याने ओठ वर करून दात बघतो. गॉगललाही दात असतात. काडी उघडून बिजागरी बघा. समोरच्या भागाचे आणि काडीचे दात एकमेकांत गुंतलेले दिसतील. जुन्या वेफेररला, म्हणजे त्या जाड काळ्या फ्रेमच्या रेबॅनला, दोन्हीकडचे मिळून सात असायचे. दातांच्या कडा साफ कापलेल्या, काडी उघडमीट करताना मऊ पण घट्ट, मधे खडखड नाही. नकलीत पातळ पत्रा वळवून तीन दातांवर काम भागवलेलं असतं आणि काडी कोंबडीच्या मानेसारखी डुलते.

एव्हिएटरमध्ये दातांपेक्षा काच जास्त बोलते. बॉश अँड लॉम्बच्या काचेवर बिजागरीच्या बाजूला अगदी कडेशी 'बीएल' ही दोन अक्षरं कोरलेली असतात, बाजरीच्या दाण्यात मावतील इतकी बारीक. समोरून दिसतच नाहीत. फार जुन्या काचांवर ती नसतातही, तेव्हा नुसती सापडली नाहीत म्हणून माल नकली ठरवू नका. पण तिथे 'आरबी' असेल तर ती काच १९९९ नंतरची, मग विकणारा तुम्हाला आजोबांच्या वेळचं काहीही सांगो.

गेल्या दिवाळीआधी शिरपूरकडचे एक निवृत्त गुरुजी रुमालात बांधून गॉगल घेऊन आले. ऐंशीच्या दशकात भावाने बाहेरून आणलेला. मी ट्यूबलाइटखाली काच तिरपी धरली, हळूहळू फिरवली, आणि एका कोनात उजव्या काचेच्या कडेला दोन अक्षरं चमकली. लगेच नाहीशी. परत फिरवली, परत आली. गुरुजींना दाखवली तर ते लहान पोरासारखे हसायला लागले. मग डावी काच धरली. फिरव फिरव फिरवली, काही नाही. "मंग हाई काच नकली शे का भाऊ?" गुरुजींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, कधी फुटली होती का? बराच वेळ विचार करून म्हणाले, हो, लेकाने क्रिकेट खेळताना फोडली होती, गावातल्याच दुकानातून दुसरी बसवली. तीस वर्षांत ते विसरून गेले होते, काच विसरली नव्हती. तेव्हा दोन्ही काचा तपासायच्या, एकीवर समाधान मानायचं नाही.

त्या काळच्या रेबॅनला खरी काच असायची. गालाला लावली की गार लागते, नखाने टिचकी मारली की टणक आवाज येतो, आणि हातात घेतल्यावर वजन कळतं. काडी तापवून बघा, काच ओरबाडून बघा असले व्हिडिओ बघून काही करू नका. त्यातून अस्सल माल नासतो आणि नकलीचं काही बिघडत नाही. हिरव्या काचेची परीक्षा दुकानाबाहेर येऊन करायची. रेबॅनची प्रसिद्ध जी-१५ ही काच १९५३ सालची, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडातला १५ टक्केच आत सोडते. म्हणूनच तिच्या नावात १५ आहे. तिच्यातून बघितलं की ऊन उतरतं पण रंग जागेवर राहतात. पांढरा सदरा पांढराच दिसतो, फक्त सावलीत उभा असल्यासारखा. स्वस्त हिरव्या काचेतून तोच सदरा फवारणीच्या पंपातून निघाल्यासारखा दिसतो.

सोन्याचं आता. आपण सुवर्णनगरीच्या शेजारचे, सोनं म्हटलं की आपले कान टवकारतात. जुन्या अमेरिकन एव्हिएटरवर काही वेळा बारीक अक्षरांत 'वन टेन्थ, ट्वेल्व्ह के, जीएफ' असं कोरलेलं असतं. पुढच्या काळातल्या मालावर दहाच्या जागी तीस येतो. जीएफ म्हणजे गोल्ड फिल्ड, आपली म्हातारी माणसं ज्याला रोल्ड गोल्ड म्हणायची त्याच घराण्यातलं. आतल्या साध्या धातूवर सोन्याचा पत्रा दाबून, तापवून बसवतात. एक ग्रॅमवाल्या दागिन्यांवर पाण्याचा हात फिरवतात त्यापेक्षा हा थर कितीतरी जाड. हिशोब सोपा आहे. समजा एका फ्रेमच्या अशा धातूचं वजन १० ग्रॅम भरलं. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे १ ग्रॅम, तेही १२ कॅरेटचं, म्हणून शुद्ध सोनं अर्धा ग्रॅम. सोन्यासाठी म्हणून पैसे मोजण्यासारखं यात काही नाही. खूण महत्त्वाची, ती त्या काळाची साक्ष आहे म्हणून. आणि कृपा करून जळगावला नेऊन कसोटीवर घासून बघू नका. सराफ घासून देईल, त्याचा तो धंदा आहे, पण थर गेला की गॉगल गेला.

ब्रिजच्या मागे आणखी एक जोडी आकडे असते, उदाहरणार्थ ५८, मधे छोटा चौकोन, मग १४. पहिला आकडा एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा दोन काचांमधलं अंतर. पट्टी घेऊन मोजा. नकली मालावर ५८ कोरून ६२ ची काच बसवलेली मी पाहिली आहे.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. पहिला, जुना आहे म्हणजे अस्सल आहे. १९९१ पूर्वी परदेशी माल आपल्याकडे सरळ मिळत नव्हता. जहाजावरच्या माणसाने आणला, आखातातून कोणी आणला, नाहीतर चोरून आला. मागणी दांडगी आणि माल कमी, मग डुप्लिकेट तेव्हाही धो धो निघाले. त्या डुप्लिकेटचं वय आज चाळीस आहे. त्यांचीही पॉलिश उडालीय, त्यांच्याही पितळेला हिरवं किटण चढलंय. वयाने ते खरोखर जुने आहेत, घराण्याने नाहीत. दुसरा गैरसमज, 'मेड इन इंडिया' असेल तर नकली. नव्वदच्या दशकात राजस्थानातल्या भिवाडीच्या कारखान्यात बॉश अँड लॉम्बनेच रेबॅन बनवले. आपल्या भागात एखाद्या डॉक्टर-वकिलाच्या कपाटातून जे अस्सल निघतात त्यांतले काही तिथलेच. अमेरिकन नाहीत म्हणून कमी भावात मिळतात. मला विचाराल तर रोज वापरायला तेच बरे.

दिओरचंही असंच. मोठी फॅशन घराणी स्वतः फ्रेमा बनवत नसत, नाव भाड्याने देत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या दिओरच्या कित्येक फ्रेमांवर 'मेड इन ऑस्ट्रिया' दिसतं आणि माणसं म्हणतात, दिओर तर फ्रान्सचं, हे नकली! अहो, तीच बरोबर खूण आहे. त्या फ्रेमा ऑस्ट्रियात ऑप्टिल नावाच्या हलक्या प्लॅस्टिकच्या बनत. तसंच 'वेस्ट जर्मनी' कोरलेलं दिसलं तर माल १९९० च्या आधीचा, कारण त्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाल्या. खोक्यावर वेबसाइटचा पत्ता असेल आणि माल सत्तरचा म्हणत असतील तर तुम्हीच हसाल.

पर्सोलच्या बाबतीत मीच फसलो आहे, तेही दुकान थाटून पंधरा वर्षं झाल्यावर. मुंबईत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला, तपकिरी ठिपक्यांची फ्रेम, काडीवर तो चांदीसारखा बाण. पर्सोल ही १९१७ पासूनची, इटलीत तुरीनला सुरू झालेली कंपनी, आणि बाण ही तिची ओळख. खऱ्या पर्सोलमध्ये बाण बिजागरीचाच भाग असतो, धातू फ्रेमच्या आत उतरलेला. मी घाईत होतो, पंजाब मेल गाठायची होती, ३,५०० देऊन खिशात टाकला. तिसऱ्या दिवशी पुसताना बाण फडक्याबरोबर निघून आला. खाली डिंकाचा डाग. बायको म्हणाली, "धनुष्यातून सुटला वाटतं." आजही घरात कोणी काही महाग आणलं की हेच वाक्य निघतं. तेव्हापासून मी फ्रेमच्या समोरचे धातूचे ठिपके आधी उलटून बघतो. खरा रिव्हेट आरपार जातो, आतल्या बाजूला बिजागरीला धरून ठेवतो. नकली ठिपका नुसता समोर चिकटवलेला.

जाड फ्रेमांबद्दल एक गोष्ट तुमच्या धंद्यातली. त्या बहुतेक सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या. हे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून काढतात, नाहीतर सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक लवेतून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावरही सरकीवर जी मिशी राहते ना, तीच. म्हणजे तुम्ही ज्या पिकाचं बियाणं विकता त्याचाच हा लांबचा नातेवाईक. अ‍ॅसिटेट म्हातारं झालं की व्हिनेगरसारखा आंबट वास मारतं आणि आक्रसतं. वास आला तर तो माल कितीही देखणा असो, घेऊ नका, ती सडण्याची सुरुवात आहे. त्याहून जुन्या सेल्युलॉइडच्या फ्रेमा कोमट हाताने चोळल्या की देवघराचा, कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. त्या पटकन पेट घेतात, दिव्याजवळ नेऊ नका. आणि कोणतीही जुनी फ्रेम मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नका. बाहेर पारा ४५ वर असताना बंद गाडीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

डोळ्यांचं एक सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. काळी काच लावली की बाहुली मोठी होते. काचेने अतिनील किरण अडवले नाहीत तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात, म्हणजे उघड्या डोळ्यांपेक्षा वाईट. नकली गॉगलचा खरा तोटा पैशाचा नाही, हा आहे. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत हे तपासायचं छोटं यंत्र असतं, मिनिटाचं काम. शिवाय अमेरिकेत काचा धक्का सोसणाऱ्या असाव्यात हा नियम १९७२ मध्ये आला. त्याआधीची काच लावून मोटारसायकलवर फिरू नका, खडा उडाला तर तुकडे डोळ्यात.

तुमच्या इन्स्टावाल्याला तरी तोडून बोलू नका. त्याला फोटो मागा. ब्रिजची मागची बाजू, दोन्ही काड्यांच्या आतली बाजू, उघडलेली बिजागरी, उजेडात तिरप्या धरलेल्या दोन्ही काचांच्या कडा, आणि एक फोटो त्या दिवसाचा पेपर बाजूला ठेवून. ज्याच्याकडे खरा माल असतो तो असे फोटो हौसेने काढतो, वर चार गोष्टी सांगतो. ज्याच्याकडे नसतो तो तुमच्यावरच चिडतो. परदेशातून मागवायचं ठरवलं तर पार्सलवर कस्टम ड्युटी लागते, ती भावात धरा. आणि नुसता चांगला एव्हिएटरच हवा असेल तर १८,५०० मध्ये अधिकृत दुकानातून पावतीसकट नवा येतो आणि पैसे उरतात.

पण मला वाटतं तुम्हाला नवा नकोय. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य तुम्ही 'कामाचा नाही' म्हणून जाता जाता लिहिलंय.

भुसावळसारखं जंक्शन, आजोबा ड्रायव्हर. इंजिनाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून धूळ-धूर-ऊन खाणाऱ्या माणसाने शोभेसाठी गॉगल घेतला नसणार. अस्सल आहे असं मी म्हणत नाही, न बघता सांगणारा मी कोण? त्या काळचा डुप्लिकेटही असेल. नाकापाशी हिरवं झालंय यावरून काही ठरत नाही. घाम आणि तांबं एकत्र आलं की अस्सल काय आणि डुप्लिकेट काय, दोन्ही कळकतात. पण वर सांगितलेल्या सगळ्या खुणा तिथे फुकट बघायला मिळतील, आणि १९६९ ची गोष्ट रचून सांगणारा मधे कोणी नाही. घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून घ्या. रविवारी पॅसेंजरने जा. काचा कोऱ्या आहेत का, ब्रिजच्या मागे काय कोरलंय, आकडे मोजमापाशी जुळतात का, पाहून मला लिहा, जमलं तर फोटो पाठवा.

काडीची काळजी करू नका. निम्म्या वेळा नुसता स्क्रू पडलेला असतो. सांधाच तुटला असेल तर चांगला सोनार झाळून देईल, पण आधी काचा काढून घ्या, आचेने तडकतात. काचांवर ओरखडे असले तरी पॉलिश करायला देऊ नका, आणि वापरासाठी दुसऱ्या बसवल्या तर मूळच्या काचा पाकिटात घालून जपा. हिरवं किटण लाकडी टूथपिकने हळूच खरवडायचं, मग कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब आणि मऊ फडकं. बस्स.

आणि जायच्या आधी, आज रात्रीच, मामींना फोन करा. भाचा गॉगल बघायला येतोय म्हटल्यावर त्या तो चिंच लावून लख्ख घासून ठेवतील. सांगा त्यांना, डबा आहे तसाच राहू द्या.